मामाची नखं

मंगळवार माझा. म्हणजे मामाला डायलिसिसला फोंड्याला न्यायचं आणि चार तासांनी घरी आणायचं. गुरुवार-शनिवार मामेभावाकडे. शेवटच्या अर्ध्या तासाला आत सोडतात. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेली शीर, त्यात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. उजवा चादरीवर मोकळा पडलेला. परवा त्याची नखं दिसली. मुळाकडचा अर्धा भाग चुन्यासारखा पांढरा, टोकाकडचा आमसुलाच्या रंगाचा, मध्ये पट्टी ठेवून मारल्यासारखी रेघ.

लोकांची नखं बघायची मला खोडच आहे. बसमध्ये दांडीला धरलेले हात आधी, माणसाचं तोंड नंतर. आणि घरच्याच माणसाची नखं इतके दिवस सुटली!

डॉक्टरीणबाईंनी नखाचं टोक दाबून पाहिलं. तपकिरी रंग काही हटला नाही. "हाफ अँड हाफ नेल्स. किडनीच्या पेशंटना दिसतात." हे नाव लिंडसे नावाच्या डॉक्टरांनी 1967 साली दिलं, म्हणून लिंडसेची नखंही म्हणतात. डायलिसिसने सहसा जात नाहीत, नवी किडनी बसली तर जातात.

मामा जन्मभर गोव्याच्या कदंबा बसचा कंडक्टर. म्हणाला, "हाफ? बारा वर्षांपुढच्याला मी कधी हाफ दिलं नाही."

लहानपणी पांढरं नख म्हणजे चैन. खाडीकाठच्या खाजनावरून बगळ्यांची माळ निघाली की आम्ही अंगणात नखांवर नखं घासत ओरडायचो, "बगळ्या बगळ्या फूल दे!" दुसऱ्या दिवशी ज्याच्या नखावर तिळाएवढा ठिपका, त्याला नवे कपडे मिळणार हे ठरलेलं. मामा तेव्हा कॉलेजात, पण आमच्यात उभा राहून तोही घासायचा. त्याला कधी फूल मिळालं नाही. आता दहाही बोटांना.

येताना रस्त्याकडेला शहाळ्यांचा ढीग होता. मामाने मान वळवून पाहिलं. मी गाडी थांबवली नाही. शहाळ्यात पोटॅशियम, त्याला वर्ज्य.

घरी पोचल्यावर मी नेलकटर काढला, नखं वाढली होती. मामाने हात मागे घेतला.

"तिन्हीसांजा झाल्या रे. आई ओरडेल."

आजी जाऊन वीस वर्षं झाली. मी नेलकटर परत खिळ्याला टांगला.