शंख-शिंपल्यांच्या प्रागैतिहासिक दागिन्यांची तपासणी: माझा अनुभव

मराठवाड्यातल्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याबरोबर दगडाचीही हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या, वस्तीतून शंख-शिंपल्यांची पिशवी तपासायला आली की मी आधी दोन ढीग करतो: समुद्रातलं वेगळं, नदीतलं वेगळं. बांगड्यांसाठी लागणारा जाड पांढरा शंख कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात मिळतो. गोदाकाठच्या आपेगावसारख्या वस्तीत त्याचा नखाएवढा तुकडा निघाला, तरी तो देवाणघेवाणीतून आलेला. नदीतली शिंपली आतून मोत्यासारखी चमकते आणि तिचे पापुद्रे सुटतात. शंख चिनी मातीच्या कपासारखा फुटतो, पापुद्रे सोडत नाही.

ही वाटणी चुकते ती बहुतेक धुलाईत. काळी माती घट्ट चिकटते, वर चुनखडीचा थर बसलेला असतो. तो काढायला लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल वापरू नका. शिंपला आणि ती चुनखडी दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. आम्ल थराबरोबर कारागिराच्या हत्याराच्या खुणाही खाऊन टाकतं. साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूची काडी एवढं पुरतं. उरलेला थर भिंगाखाली सुईने काढावा, निघत नसेल तर राहू द्यावा. वाळवायचं सावलीत. उन्हात नदीची शिंपली उलते आणि छिद्राभोवतीचा पापुद्राच आधी जातो.

आता छिद्र. छिद्र आहे म्हणून लगेच ‘मणी’ किंवा ‘लटकन’ लिहिणं मला मान्य नाही. समुद्रातल्या काही शिकारी गोगलगायी दुसऱ्यांचे शिंपले पोखरून गोल, बाहेर रुंद आणि आत अरुंद भोक पाडतात. एका बाजूने गिरमिट चालवलं तरी आकार तसाच येतो. फरक भिंतीत दिसतो: गिरमिटाच्या भोकात एकात एक गोल ओरखडे असतात, गोगलगायीच्या भोकात ते नसतात. दोन्ही बाजूंनी पाडलेलं छिद्र मधे बारीक होतं. घासून पाडलं असेल तर भोवती सपाट पट्टा आणि समांतर रेघा. ठोकून पाडलं असेल तर कडा वेड्यावाकड्या, आतल्या बाजूने टवके. नदीच्या शिंपलीत बिजागरीजवळच्या उंचवट्यावरचं भोक मी नेहमी संशयाने पाहतो. तिथलं कवच पाण्यानेच झिजतं.

दहापट भिंगाने सुरुवात करून दहा ते चाळीस पटींच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायचं. दिवा एका बाजूने, अगदी आडवा लावायचा. वरून उजेड पाडला तर ओरखडे पुसल्यासारखे होतात. दोरा वापरात असेल तर छिद्राची एकच बाजू जास्त गुळगुळीत झालेली, कधी खाच पडलेली असते. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती वाळूची किंवा वाहत्या पाण्याचीही असू शकते. दोऱ्याची झीज दिसेपर्यंत नोंदवहीत ‘छिद्र असलेला शिंपला’ एवढंच लिहावं.

बांगडीच्या तुकड्यासाठी कागदावर पाच पाच मिलिमीटर अंतराने वर्तुळं आखून ठेवली आहेत. तुकड्याची आतली कड त्यावर जुळवून व्यास काढतो. वर्तुळाच्या आठव्या भागापेक्षा तुकडा लहान असेल तर व्यास लिहीत नाही, फक्त रुंदी आणि जाडी. शंख पूर्ण गोल नसतोच. त्याच्या वळणाचा नैसर्गिक सांधा मात्र जरूर नोंदवा. तो प्रत्येक बांगडीत एकदाच येतो, म्हणून सांधे मोजले की कमीत कमी किती बांगड्या होत्या ते कळतं. हडप्पा संस्कृतीतले कारागीर याच सांध्यावर कोनाची खूण कोरत.

दोन-तीन मिलिमीटरच्या चकतीसारख्या मण्यांसाठी माती बारीक चाळणीतून पाण्याने चाळावी लागते. स्टिएटाइट या मऊ दगडाचे पांढरे मणी शिंपल्यासारखेच दिसतात. वाढीच्या रेषा दिसल्या तर शिंपला. शिवाय कन्नडचा घाट उतरलं की खानदेशातलं पाटणे लागतं, तिथले मणी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे आहेत, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. तेव्हा ‘पांढरा, गोल, शिंपल्याचा’ असं घाईने लिहू नये.

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर वरवर सापडलेल्या तुकड्यावरून काळ ठरवता येत नाही. तेर, पैठण, भोकरदन इथे सातवाहन काळातही शंखाच्या बांगड्या होत्या, आणि नांगरटीने थर मिसळतात. असा तुकडा उचलू नका. जागेवरच फोटो काढा, अक्षांश-रेखांश टिपा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. कार्बन-14 या काळ मोजण्याच्या पद्धतीलाही जपून: समुद्रातलं शिंपलं त्यात मुळातच खऱ्यापेक्षा सुमारे चारशे वर्षं जास्त जुनं दिसतं, ती दुरुस्ती केल्याशिवाय आकडा छापू नये.

साठवताना लाकडी कपाट आणि साधा पुठ्ठा टाळा. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिंपल्यावर पांढरी भुकटी येते आणि पृष्ठभाग कायमचा जातो. पॉलिथिनची पिशवी, प्लास्टिकचा डबा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा कप्पा. एकमेकांवर घासले तर नवे ओरखडे पडतात, आणि पुढचा तपासणारा ते जुने समजतो.