नाटकातले व्हिडिओ: एमपीफोरपासून हॅपपर्यंत

आमच्या हौशी संस्थेच्या दोन अंकी नाटकात सायक्लोरामा, म्हणजे रंगमंचाच्या मागचा मोठा पडदा, जवळजवळ पूर्ण वेळ कामात असतो. पुराचं पाणी चढतं, त्यावर पाऊस पडतो, दुसऱ्या अंकात जुने कौटुंबिक फोटो एकात एक विरघळतात. व्हिडिओची बाजू माझ्याकडे आली तेव्हा हाताशी होत्या एडिटरने पाठवलेल्या एमपीफोर फाइल्स, फोनवर घेतलेले बरेचसे शॉट आणि एक उसना मॅकबुक. प्लेबॅकसाठी क्यूलॅब ठरलं, प्रयोगात आवाज आणि व्हिडिओ चालवायचं मॅकवरचं सॉफ्टवेअर. त्याचं लायसन्स दिवसाच्या भाड्याने मिळतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना ते परवडतं.

पहिल्या तांत्रिक तालमीत क्यू (व्हिडिओ सुरू करायचा इशारा) दिला आणि नदी क्षणभर अडखळून मग वाहू लागली. नट संवाद लांबवतो तेव्हा नदीचा लूप चालू राहायला हवा, पण लूप संपून पुन्हा सुरू होताना प्रत्येक वेळी झटका दिसत होता. एडिटरला फोन केला. तो म्हणाला, “अगं, माझ्याकडे तर एकदम स्मूथ चालतंय.” चालणारच. तो एका वेळी एकच फाइल बघत होता. इथे नदीवर पाऊस, त्यावर फोटो, आणि तिन्ही थर एकाच वेळी फेड होत होते.

एमपीफोरच्या आत बहुतेक वेळा एच.२६४ असतं, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करून साठवायची एक पद्धत. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि त्यांच्यामध्ये फक्त काय बदललं याची नोंद. त्यामुळे फाइल लहान होते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते. पण मधूनच सुरू करायचं, मागे उडी मारायची किंवा लूप जोडायचा म्हटलं की मशीनला आधीच्या पूर्ण चित्रापाशी जाऊन तिथून पुढे सगळं उलगडत यावं लागतं. प्रयोगात मला फाइल लहान असण्याचा काहीच उपयोग नाही. ऑपरेटरने ‘गो’ दाबल्यावर त्याच क्षणी चित्र उमटलं पाहिजे. फॉरमॅट निवडताना मी हीच एक कसोटी धरली.

साधे, एकट्याने चालणारे व्हिडिओ प्रोरेझ ४२२ एलटीमध्ये केले, म्हणजे ॲपलच्या प्रोरेझ फॉरमॅटच्या हलक्या प्रकारात. प्रोरेझमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. १९२० × १०८० चित्राला, सेकंदाला ३० फ्रेम्स धरून, दर सेकंदाला साधारण १३ एमबी लागतात. प्रोरेझच्याच वरच्या दर्जाच्या एचक्यूला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि दहाव्या रांगेतून मला तरी दोन्हींत काही फरक दिसला नाही.

एकमेकांवर चढणाऱ्या थरांसाठी मात्र हॅप. हा खुला कोडेक (व्हिडिओ साठवायची आणि उलगडायची पद्धत) मुद्दाम लाइव्ह प्लेबॅकसाठीच बनवलेला आहे. त्याची फ्रेम ग्राफिक्स कार्डाला थेट समजेल अशा रूपात असते, म्हणून प्रोसेसरवर भार फार कमी येतो. पावसाला पारदर्शक पार्श्वभूमी हवी होती, त्याला हॅप अल्फा. कन्व्हर्ट करायला शटर एन्कोडर वापरलं, ते मोफत आहे. एक लक्षात ठेवा: हॅपला चित्राची लांबी-रुंदी ४ ने भाग जाणारी लागते. १३६६ × ७६८ चालत नाही, कारण १३६६ ला ४ ने भाग जात नाही. आणि क्विकटाइम प्लेयर हॅपची फाइल उघडत नाही, म्हणून फाइल बिघडली असं समजू नका. क्यूलॅबमध्येच तपासा.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो पहाटेच्या आकाशाने. गडद निळ्यातून करड्याकडे जाणारा तो हळुवार उतार साध्या हॅपमध्ये गेला आणि सायक्लोरामावर आडवे पट्टे दिसू लागले. लॅपटॉपवर जेमतेम जाणवणारे पट्टे तीस फूट रुंदीवर लख्ख दिसत होते. हॅप क्यूमध्ये (हॅपचाच वरच्या दर्जाचा प्रकार, इथला ‘क्यू’ म्हणजे इशारा नव्हे) केल्यावर ते बरेच कमी झाले, पण पूर्ण गेले नाहीत. मग एडिटरला मूळ प्रोजेक्टमध्येच आकाशावर बारीक ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, टाकायला सांगितला आणि पुन्हा हॅप क्यू केलं. त्या ग्रेनमुळे पट्ट्यांच्या कडा मोडल्या. समोरून बघताना ग्रेन दिसतही नाही, आकाश मात्र आकाशासारखं दिसतं. मला या नाटकातलं हे चित्र फार आवडतं.

हॅप क्यूची किंमत डिस्कवर मोजावी लागते. फुल एचडीला ३० फ्रेम्सवर सेकंदाला साठेक एमबीपर्यंत जातं, साध्या हॅपला त्याच्या निम्मं. तीन थर एकत्र चालले तर फिरत्या तबकडीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क दम तोडते, पेनड्राइव्हचं तर विचारूच नका. सगळं लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर कॉपी करून तिथूनच चालवायचं. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही.

फ्रेम रेट एकच ठेवला. आमचे बहुतेक शॉट फोनचे, म्हणून ३०, आणि प्रोजेक्टरला ६० हर्ट्झ. फोन रेकॉर्ड करताना फ्रेम रेट थोडा वरखाली करत राहतो, त्यामुळे कन्व्हर्ट करताना तो स्थिर ३० करून घ्यावा लागतो. एडिटरच्या २५ च्या फाइल्स मी बदलल्या नाहीत, त्याच्याकडून मूळ प्रोजेक्टमधूनच ३० वर काढून घेतल्या.

आवाज व्हिडिओतून काढून वेगळ्या ऑडिओ क्यूवर टाकला, ४८ किलोहर्ट्झ वेव्हमध्ये. एमपीफोरमधला आवाज बहुतेक वेळा एएसी प्रकारचा असतो, आणि त्यात फाइलच्या टोकांना बारीकशी शांतता भरली जाते, आणि पावसाच्या लूपमध्ये ती कानाला लागते.

एक गोष्ट कोणत्याही फॉरमॅटने सुटत नाही. प्रोजेक्टरचा काळा हा काळा नसतो. ब्लॅकआऊटमध्येही सायक्लोरामावर करडा चौकोन उरतो. त्याला लेन्ससमोर हाताने वर-खाली होणारा पुठ्ठ्याचा झाप, आणि तो हलवायला क्यू शीट हातात धरून बसलेलं एक माणूस.

आता नव्या नाटकाचं काम सुरू झालं की एडिटरला पहिल्याच दिवशी सांगते: प्रोजेक्टरचं रिझोल्यूशन हे, फ्रेम रेट हा, मास्टर, म्हणजे मूळ दर्जाची फाइल, प्रोरेझ ४२२ एचक्यूमध्ये दे, पारदर्शक असेल ते प्रोरेझ ४४४४ मध्ये. एमपीफोर दिग्दर्शकाला बघायला पाठव, मला नको. एकदा कॉम्प्रेस केलेल्या फाइलमधून गेलेले तपशील प्रोरेझ केलं म्हणून परत येत नाहीत. मास्टरवरून प्लेबॅकच्या फाइल्स मी करते, प्रत्येकीच्या नावात सुरुवातीला क्यू नंबर घालते, आणि तोच फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवरही ठेवते.