झेंडा अडकवायचं काम

यावल तालुक्यात माझं ठिबकचं दुकान आहे. नाटकाशी माझा संबंध एवढाच, की भाच्याच्या मंडळाला पाइप हवे होते. १९३६ साली आमच्याच तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यावर त्यांनी नाटक बसवलं होतं. प्रयोग डिसेंबरात, पटांगणात, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेल्या स्टेजवर. पाइप मोजून द्यायला गेलो तो महिनाभर तिथलाच झालो. "मामा, सामानाचं तुम्हीच पाहा ना भो," म्हणे.

आधी पडदा. झोपड्या, बैलगाड्या रंगवलेला वीस फुटी कापडी पडदा. देखणा होता, खोटं का बोला. पण रात्री वारा सुटला की त्याचं शीड व्हायचं. खताच्या गोण्यांत वाळू भरून पायाशी रचल्या, काथ्याचे ताण दिले, तरी दुसऱ्या तालमीला चौकट कोसळली, ती नेमकी गांधीजी झालेल्या पोराच्या पाठीवर. लागलं नाही फार. पण तो रोज आधी मागे वळून बघायचा आणि मग भाषण सुरू करायचा.

नाटक बसवणाऱ्या सरांनी तेव्हा सांगितलं, की फैजपूरला खुद्द चित्रकार नंदलाल बोस आले होते आणि त्यांनी अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या वस्तूंतून केली होती. खेड्यातलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, हे शाळेत घोकलं होतं. हे कोणी सांगितलं नव्हतं. गांधीजींचा आग्रह खेड्यातल्या वस्तूंचा होता. मला त्यात वारा दिसला. बांबूच्या तट्ट्यातून वारा आरपार जातो. पडदा गुंडाळून ठेवला. तट्टे बांधले, कापूस निघालेल्या वावरातून पऱ्हाट्या आणून झोपड्या शाकारल्या, फटीतून केळीची वाळली पानं खोचली. एकही झोपडी पडली नाही. गेरूने मात्र दगा दिला. पाण्यात कालवून तट्ट्यांवर नक्षी काढली, पहाटेच्या दवाने सगळी ओघळली. पुन्हा डिंक घालून काढली.

मग झेंडा. दुकानातून आणलेला तिरंगा मीच परत पाठवला, कारण त्यावर अशोकचक्र होतं. ३६ साली मधल्या पट्ट्यावर चरखा होता. बायकोने खादीवर तो शिवून दिला. चाक जरा अंड्यासारखं झालं, पण लांबून चालून गेलं.

आमच्याकडे सांगतात, की झेंडा चढवताना अर्ध्यावर अडकला आणि शिरपूरकडच्या एका तरुणाने खांबावर चढून तो सोडवला. नाटकातला मोठा प्रसंग हाच. म्हणजे झेंडा वर नेणं सोपं, तो रोज ठरल्या जागी अडकवणं माझ्याकडे. आधी नव्वद एमएमचा पाइप खांब म्हणून उभा केला, तर पोरगं चढताच तो वाकला. मग वीस फुटी बांबू आणला, माथ्याला कप्पी लावली. झेंड्याच्या खालच्या टोकाला काळी तंगूस बांधली आणि तिचं दुसरं टोक घेऊन मी झोपडीमागे बसलो. दहा फुटांवर आलं की घट्ट धरायचं. पोरगं चढून झेंड्याला हात लावेल तेव्हा सोडायचं.

प्रयोगाला मी बरोबर धरलं, बरोबर सोडलं. पण वाऱ्याने झेंडा बांबूला दोन वेढे देऊन बसला. खालून दोरी ओढतात, तर हालत नाही. पोरगं माझ्याकडे बघून दबक्या आवाजात, "मामा, सोडा ना!" मी रिकामे हात दाखवले. शेवटी एका हाताने बांबू कवटाळून त्याने एकेक वेढा उलगडला. तालमीत या जागी अर्धं मिनिट लागायचं, त्या रात्री केवढा वेळ गेला. झेंडा वर गेला तेव्हा लोक उभे राहून ओरडत होते. सर म्हणाले, "हे असंच ठेवू." पोरगं नाही म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सामान परत करायला निघालो. वही होती म्हणून निभावलं: दोन जाती, पाच कंदील, एक चरखा, अकरा घोंगड्या. एका कंदिलाची काच तडकली होती. नवी बसवून नेली, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "ही माही नाही. माहीले आधीच तडा होता."