पॅड बांधून बसलेली माणसं

बुधवार, रात्री साडेदहा

प्रमोशनची यादी आली. माझं नाव नाही. सकाळी मेल, मग साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी परत आपल्या खुर्चीत. डब्यात भेंडीची भाजी होती. असल्या दिवशी घास उतरत नाही म्हणतात, मला तर दोन पोळ्या जास्तच गेल्या.

प्रमोशन हुकल्याचं तितकं नाही. ते हुकणार याचा वास गेल्या दिवाळीपासूनच येत होता. टोचलं ते साहेबांचं भाषण. "मॅडम, जेमिमाचं बघा ना. वर्ल्डकप चालू असताना टीमबाहेर काढलं होतं तिला. पुढे काय केलं तिने? बाउन्स बॅक!" आणि टेबलावर अशी थाप मारली, जणू महिला वर्ल्डकपची ती सेमीफायनल यांनीच काढून दिली होती.

आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. मार्च महिन्याला डेथ ओव्हर्स म्हणतात. वसुलीच्या मीटिंगला पॉवरप्ले. मागे एकदा बाहेरून एक वक्ता आणला होता, तो दोन तास धोनीच्या त्या शेवटच्या सिक्सरवर बोलला. आता २ एप्रिल २०११ ची वानखेडेवरची ती मॅच मुंबईत कोणाला समजावून सांगायला नको. २७५ करायचे होते, सेहवाग दुसऱ्याच बॉलवर गेला, सचिन १८ वर गेला, आणि तिथून डाव सावरला तो गंभीरच्या ९७ धावांनी. वक्त्याच्या दोन तासांत गंभीर एकदाही आला नाही. स्लाइडवर सिक्सरचाच फोटो. मी मागच्या रांगेत बसून समोसा खात होते आणि मनात म्हणत होते, तीन धावांनी शतक हुकलेल्या माणसाबद्दल बोला की जरा, आमचं त्याच्याशी जास्त जमेल.

तर जेमिमा, म्हणजे भारताच्या महिला संघातली फलंदाज जेमिमा रॉड्रिग्ज. ती सेमीफायनल मी पहिल्या बॉलपासून पाहिली आहे, त्यामुळे साहेबांची गोष्ट कुठे कापलेली आहे ते मला कळतं. ३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर ऑस्ट्रेलिया, त्यांच्या ३३८ धावा. त्याआधी त्याच स्पर्धेत ही मुलगी दोनदा शून्यावर बाद झालेली, मग इंग्लंडविरुद्ध बाहेर बसलेली. त्या दिवशी तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला अगदी आयत्या वेळी कळलं. नाबाद १२७ करून ती परतली, तोवर आमच्या बिल्डिंगमध्ये फटाके सुरू झाले होते.

पण ८२ वर असताना तिचा एक झेल उडाला होता. उंच, सरळ वर, विकेटकीपरचाच. हिलीने तो सोडला. त्या क्षणी आमच्या हॉलमध्ये जो आवाज झाला तो मी विसरणार नाही, सासूबाई देव्हाऱ्याकडे वळून बसल्या त्या शेवटपर्यंत तशाच. पुढे शतक झाल्यावर आणखी एक झेल सुटला. आता मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत बघा, चौकार आहेत, रडणं आहे, मिठ्या आहेत, मागे संगीत आहे. सुटलेले झेल बहुतेक व्हिडिओंतून गायब. हिली चांगली विकेटकीपर, असा झेल ती एरवी डोळे मिटून घ्यायची. तिने तो घेतला असता तर साहेबांनी आज मला कोणाचं उदाहरण दिलं असतं?

मॅचनंतर जेमिमा बोलली ते मला जास्त भिडलं. स्पर्धेत बहुतेक रोज रडत होते, मन ठिकाणावर नव्हतं, एन्झायटी होती, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. धाडसच ते. पण हेही खरं की जिंकल्यावरच ते ऐकून घेतलं गेलं. हरून हेच बोलली असती तर तिच्या गिटारवरून आणि रील्सवरून आधी टोमणे मारणाऱ्यांनीच त्याला बहाणा म्हटलं असतं.

हिशेबाच्या खात्यात इतकी वर्षं घातल्यामुळे असेल, पण या सगळ्या गोष्टींचा मला हिशेबच पटत नाही. त्यांत हार म्हणजे नुसता हप्ता. निमूट भरत राहायचं, पुढे विजयाचा फ्लॅट ताब्यात मिळणारच. ज्यांना ताबा मिळाला त्यांच्याच मुलाखती होतात, मग हप्ते फुकट गेल्याचं कोणाला दिसणार?

अमोल मुझुमदारचंच घ्या. वर्ल्डकप आल्यावर सगळीकडे त्याचीच गोष्ट. १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन आणि कांबळीने ६६४ ची भागीदारी केली, तेव्हा पुढचा नंबर याचा होता आणि हा पॅड बांधून बसून राहिला. मग १९९४ ला मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६०. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा. भारताची टोपी मात्र कधीच नाही, कारण मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण, आणि तो सचिन. २०२३ मध्ये महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच्या हातात कप आला. "अखेर न्याय मिळाला" असं प्रत्येक चॅनलवर.

कसला न्याय? मला त्या रात्री आनंदाने रडू आलं हे कबूल. पण फायनलमध्ये दक्षिण आफ्रिका ५३ धावा जास्त करून गेली असती, तर त्या ११ हजार धावा काय कमी झाल्या असत्या? वीस वर्षं उन्हातान्हात केलेल्या त्या धावा तेव्हाही तेवढ्याच होत्या. न्याय झालाच नाही म्हणायचं असेल तर तो तेव्हाच झाला नाही, आणि कपाने ते भरून येत नाही. दोन वेगळी खाती आहेत ही. एकातली शिल्लक दुसऱ्यात टाकता येत नाही.

अजून एक जण आहे, प्रतिका रावल. न्यूझीलंडविरुद्ध शतक, स्पर्धेत तीनशेवर धावा, आणि सेमीफायनलच्या आधी घोटा दुखावला. तिच्या जागी शफाली आली, जी मूळ संघात नव्हतीच. फायनलमध्ये ८७ धावा आणि दोन विकेट. शफालीच्या बाजूने बघितलं तर सिनेमा आयताच तयार आहे. प्रतिका व्हीलचेअरवर बसून मैदानात आली, हातात झेंडा, हसत होती. मी त्या हसण्याकडे फार वेळ बघत बसले होते.

हे आत्ता आठवण्याचं कारण म्हणजे प्रमोशन ज्या मुलीला मिळालं ती माझ्याच हाताखाली शिकली आहे. वाईट असती तर किती बरं झालं असतं! पण ती हुशार आहे, उशिरापर्यंत थांबते, चहा आणला तर माझाही आणते. तिच्यावर रागावायला काही निमित्तच सापडत नाही, आणि साहेबांवर रागावून उपयोग नाही.

येताना मेट्रोत अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत डोक्यात तो केबिनमधला प्रसंगच फिरत होता. मी काय बोलले, काय बोलायला हवं होतं, एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा स्लो मोशनमध्ये. टीव्हीवरच्या थर्ड अंपायरने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला तेंडुलकर, डर्बनला, नोव्हेंबर १९९२ मध्ये. जाँटी ऱ्होड्सचा थ्रो होता. निदान त्याला हिरवा-लाल दिवा तरी दिसला. माझा रीप्ले घाटकोपरच्या पुलावर कोणाची तरी बॅग बरगडीत बसेपर्यंत चालूच होता, निकाल काही लागला नाही. पुढे भांडुपला उतरेपर्यंत उभं राहायलाही नीट जागा नव्हती, त्यामुळे विचार करायलाही नव्हती.

घरी येऊन लालबागला बाबांना फोन केला.

"नाही झालं, बाबा."

"कोणाला मिळालं?"

"त्या मुलीला. सांगत नव्हते का तुम्हाला?"

"काम येतं तिला?"

"येतं."

"मग तुला राग कसला येतोय नक्की?"

मी म्हटलं, माहीत नाही, येतोय एवढं खरं. ते म्हणाले, मग येऊ दे की, घाई काय आहे. जेवलीस का?

बाबा असेच. रेडिओवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत त्यांनी वहीत स्कोअर लिहिले. वि. वि. करमरकरांचं क्रीडा पान ते अग्रलेखाच्या आधी वाचायचे, आणि तेही खालून वर, म्हणजे बारीक टायपातले कबड्डी, खो-खो आणि कांगा लीगचे निकाल आधी. त्या निकालांत हरलेल्या संघाचीही नावं आणि गुण छापलेले असत. कोणी ढसाढसा रडलं, कोणाचा बाप रिक्षा चालवतो, यातलं काही नाही. अमुक मंडळ २३, तमुक मंडळ १९, इतकंच. मला ते छापणं आता फार सभ्य वाटतं.

त्यांचा देव म्हणजे मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. ५८९ प्रथम श्रेणी बळी, आणि भारताकडे तशीच गोलंदाजी करणारा बेदी असल्यामुळे कसोटी एकही नाही. १९७२-७३ ची रणजी फायनल, चेपॉक, तामिळनाडू. पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद ते. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले तेव्हा सगळ्या बातम्यांत "भारतासाठी न खेळलेला" हेच आधी. बाबा पेपर आपटून म्हणाले होते, "अरे, काय नाही केलं ते मथळ्यात, आणि काय केलं ते आतल्या पानावर!"

कबड्डीचं मात्र त्यांचं वेगळं आहे. स्वतः मंडळाकडून खेळलेले, गुडघा अजून कुरकुरतो. टीव्हीवरची मॅटवरची कबड्डी त्यांना पटत नाही, पण एकही मॅच चुकवत नाहीत. आज फोनवर म्हणाले, क्रिकेटचं उदाहरण घेऊच नको, आमच्यात बाद झालेला बाजूला बसतो आणि आपल्यातल्या कोणी समोरचा बाद केला की उठतो. जो आधी बाद झाला तो आधी उठतो, रांग असते. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात रांग नसते हो बाबा. त्यावर ते खो-खो हसले, नंतर खोकला लागला, वहिनीने फोन काढून घेतला.

हे लिहीत असताना त्या मुलीचा मेसेज आला. "ताई, उद्या जरा लवकर याल का? जीएसटीचं ते बघायचंय, मला एकटीला जमणार नाही. आणि सॉरी." सॉरीचं काय उत्तर द्यायचं ते सुचेना, म्हणून ते सोडून दिलं. लवकर येणार नाही, माझ्या नेहमीच्या वेळेला येईन, असं लिहिलंय. आणि बँकेचं स्टेटमेंट तोवर काढून ठेव.