पत्रकार आणि कोडवाले शेजारी बसले तर

पत्रकार आणि प्रोग्रामर यांना एकत्र आणलं की बातमीचं रूपच पालटेल, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी सुरू केलं की मी आधी विचारतो, एकत्र म्हणजे कुठे, आणि किती दिवस? कारण बहुतेक वेळा होतं काय, शनिवार-रविवार एखादा हॉल घ्यायचा, पाच-सहा जणांच्या टीम पाडायच्या, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, रविवारी संध्याकाळी डेमो, टाळ्या, ग्रुप फोटो, आणि सोमवारी सगळे आपापल्या कामाला. त्या ॲपचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. अशा हॅकेथॉनना मीही गेलोय, मजा येते, ओळखी होतात, त्यात खोटं काही नाही. पण बातमी बदलते ती तिथे नाही. ती बदलते जेव्हा कोड लिहिणारा माणूस बातमीदाराच्या शेजारच्या खुर्चीत रोज बसतो आणि दोघांना एकाच स्टोरीची डेडलाइन असते.

मी स्वतः डेव्हलपर, काही वर्षं एका न्यूजरूममध्ये काढली, त्यामुळे हे थोडं आतून सांगतोय.

ही भानगड काही आजची नाही. १९५२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री सीबीएस या टीव्ही नेटवर्कने युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर वापरला होता. सगळे पोल म्हणत होते अटीतटीची लढत आहे. मतमोजणी जेमतेम सुरू झालेली, आणि मशीन म्हणालं आयझेनहॉवर ४३८ इलेक्टोरल मतं घेऊन धुव्वा उडवणार, स्टीव्हनसनला फक्त ९३. कुणाचा विश्वास बसेना. तो आकडा प्रेक्षकांना सांगितलाच नाही, उलट इंजिनियरांनी प्रोग्राममध्ये फेरफार करून जरा सौम्य अंदाज काढला. शेवटी निकाल लागला ४४२ विरुद्ध ८९! रात्री उशिरा टीव्हीवर कबुली द्यावी लागली की मशीनने आधीच बरोबर सांगितलं होतं. मला यात मशीन किती हुशार याचं कौतुक नाही. त्या रात्री पत्रकार एकीकडे, इंजिनियर दुसरीकडे, आणि मशीन कुठल्या हिशोबाने बोलतंय हे पत्रकाराला समजावून सांगणारं मधे कुणीच नाही, हे मला जास्त खटकतं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे जँगो, वेबसाइट बनवायला वापरतात तो कोडचा तयार सांगाडा. वेब डेव्हलपमेंट करणाऱ्या कुणालाही हे नाव माहीत असतं, इन्स्टाग्राम त्याच्यावर उभं राहिलं. पण ते जन्मलं कुठे हे विचारलं तर बरेच जण सिलिकॉन व्हॅली म्हणतील. ते जन्मलं कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या छोट्या पेपरच्या ऑफिसात. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन तिथे वेब प्रोग्रामर होते, आणि एडिटर येऊन सांगायचे की हे पान उद्यापर्यंत हवंय, कधीकधी तर काही तासांत हवंय. अशा घाईत प्रत्येक वेळी शून्यापासून कोड लिहिणं परवडत नाही, म्हणून त्यांनी वारंवार लागणारं सगळं वेगळं काढून ठेवलं आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. जँगोचं तयार मिळणारं ॲडमिन पॅनेल, म्हणजे साइटची माहिती भरायची आतली पानं, हेही त्यातूनच आलंय, कारण माहिती भरणारे लोक पत्रकार होते, त्यांना डेटाबेसशी झटापट करायची नव्हती. न्यूजरूमची घाई सॉफ्टवेअरच्या रचनेत अशी उतरते. हे कुठल्या हॅकेथॉनमध्ये सुचलं नसतं राव.

हाच सायमन विलिसन पुढे २००९ मध्ये गार्डियन या ब्रिटिश पेपरच्या कामात दिसतो. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाचा घोटाळा गाजत होता, टेलिग्राफ या दुसऱ्या पेपरच्या हातात फुटलेला डेटा आधीच होता आणि ते रोज एकेक खासदार सोलत होते. गार्डियन मागे पडलेलं. मग संसदेने कागदपत्रं अधिकृतपणे जाहीर केली, साधारण साडेचार लाख पानं, स्कॅन केलेल्या पावत्या, फॉर्म, पत्रं, त्यात काळ्या पट्ट्या मारलेल्या. एवढं वाचायला माणसं आणायची कुठून? त्यांनी आठवडाभरात एक साइट उभी केली आणि वाचकांनाच सांगितलं, वाचा. एक पान समोर येणार, खाली चार बटणं : यात काही नाही, आहे पण आधीच माहीत आहे, इंटरेस्टिंग आहे, आणि चौथं म्हणजे याचा तपास करा! सोबत एकूण किती पानं झाली याचा प्रोग्रेस बार, आणि खासदाराचा फोटो. पहिल्या ८० तासांत १ लाख ७० हजार पानं वाचून झाली, वीस हजारांवर लोकांनी हात लावला. आता ही चार बटणं बघा. एकट्या प्रोग्रामरने केलं असतं तर पाच स्टार द्या असं काहीतरी ठेवलं असतं, एकट्या पत्रकाराने केलं असतं तर मोठा फॉर्म भरायला लावला असता. ‘इंटरेस्टिंग आहे पण माहीत आहे’ हे बटण ज्याला बातमी कशाला म्हणतात ते कळतं त्यालाच सुचतं, आणि एका क्लिकवर काम झालं पाहिजे हे कोडवाल्याला.

आता जरा जवळून सांगतो रोजचं काम कसं असतं ते. बातमीदार येतो, हातात पेनड्राइव्ह, त्यात तीनशे पानांची पीडीएफ. कुठल्याशा खात्याने माहिती दिलीय पण अशी दिलीय की घ्या बसा. टेबल आहेत पण कॉपी करून एक्सेलमध्ये टाकलं की सगळे रकाने एकमेकांत घुसतात, नावाच्या जागी रक्कम, रकमेच्या जागी तारीख. वाकडी स्कॅन झालेली पानं तर विचारूच नका. बातमीदार बिचारा रात्र-रात्र बसून हाताने टाइप करत असतो आणि कुणाला सांगतही नाही, कारण त्याला वाटतं हे असंच करायचं असतं. शेजारी बसल्यावर दिसतं! मीटिंगमध्ये ‘तुमच्या अडचणी सांगा’ म्हटलं तर हे कधीच बाहेर येत नाही, तिथे सगळे एआय आणि ॲपबद्दल बोलतात.

टॅब्युला नावाचं टूल असंच आलं. पीडीएफ उघडायची, माउसने टेबलाभोवती चौकट आखायची, स्प्रेडशीट बाहेर, बस एवढंच काम. (पीडीएफमध्ये खरा मजकूर हवा, नुसत्या स्कॅनवर ते चालत नाही, तिथे आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं.) नाइट फाउंडेशन आणि मोझिला मिळून एक फेलोशिप चालवायचे, डेव्हलपरला काही महिने थेट न्यूजरूममध्ये बसवायचे, पहिल्या खेपेला बीबीसी, गार्डियन, अल जझीरा इंग्लिश, बॉस्टन ग्लोब आणि त्साइट ऑनलाइन होते. पुढच्या एका खेपेला मानुएल अरिस्तारान हा डेव्हलपर अर्जेंटिनाच्या ला नासिओन या पेपरमध्ये बसला, आणि प्रोपब्लिका या अमेरिकन शोधपत्रकारिता संस्थेच्या मंडळींबरोबर २०१३ मध्ये टॅब्युला बाहेर आलं. दिसायला अगदी रटाळ, कुणी त्याला ‘पत्रकारितेचं भविष्य’ म्हणून स्टेजवर नाचवणार नाही. पण जगभरच्या बातमीदारांचे किती तास त्याने वाचवले असतील.

पनामा पेपर्सचंही तेच, म्हणजे परदेशी कंपन्यांमध्ये लपवलेल्या पैशाच्या फुटलेल्या कागदपत्रांचं. १ कोटी १५ लाख फायली, २.६ टेराबाइट, ३७० हून जास्त पत्रकार. आपल्याला गाजलेली नावं आठवतात. पण त्यामागे आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छोट्याशा टेक टीमने काय केलं? फायलींमधून मजकूर काढला, सर्च उभा केला, कोण कुठल्या कंपनीला जोडलेलं आहे ते ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे नातीच साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये टाकलं, आणि वेगवेगळ्या देशांतल्या पत्रकारांना आपसात बोलायला फेसबुकसारखी एक बंद जागा दिली. सगळं तयार ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर वगैरे जोडून. नवं शोधलं असं फारसं नाहीच.

भांडणं होतात, ती पण सांगायला हवीत. डेव्हलपरची सवय असते की आधी लाइव्ह करू, बग आला तर दुपारी दुरुस्त करू. बातमीत नाव चुकलं तर दुपारपर्यंत त्या माणसाची अब्रू गेलेली असते. उलट पत्रकाराला वाटतं कोड म्हणजे बातमीचा मजकूरच आहे, रात्री अकराला हेडिंग बदलावं तसं फीचर बदलून मिळेल. यात दोघांपैकी कुणी शहाणा नाही, आणि हे समजायला एकमेकांचा वाईट दिवस बघावाच लागतो.

लॉस एंजेलिस टाइम्सचा क्वेकबॉट हा प्रोग्राम बघा. भूकंपाचा सरकारी अलर्ट आला की बातमीचा मसुदा आपोआप तयार. मार्च २०१४ मध्ये पहाटे धक्का बसला, बॉट लिहिणारा केन श्वेन्के स्वतः पत्रकारही होता, तो त्याच धक्क्याने जागा झाला, मसुदा बघितला, पब्लिश दाबलं. तीन मिनिटांत बातमी. पुढे २०१७ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ १९२५ च्या सांता बार्बरा भूकंपाची जुनी नोंद दुरुस्त करत होते, त्यातून ६.८ तीव्रतेचा अलर्ट सुटला, आणि त्यावर तारीख होती २०२५ ची. बॉटने बातमी दिली, मग मागे घ्यावी लागली. भविष्यातल्या भूकंपाची बातमी! तारीख आजची आहे का, ही तपासणी म्हणजे कोडमध्ये एक ओळ. डेस्कवरचा कुठलाही उपसंपादक तारखेवर पहिली नजर टाकतो, त्याला ते शिकवावं लागत नाही. पण उपसंपादकाला अशा प्रोजेक्टच्या मीटिंगला बोलवतं कोण?

आत्ता एआयच्या नावाखाली जे चाललंय त्यात मला हेच दिसतं. सारांश काढणारं, हेडिंग सुचवणारं टूल वरच्या मजल्यावर विकत घेतलं जातं आणि डेस्कला ते लाइव्ह होण्याच्या दिवशी कळतं. मग रात्रपाळीवाला आपली बातमी आधी लिहिणार, नंतर मशीनने केलेला सारांश दुरुस्त करणार, म्हणजे काम वाढलंच की.

आणि पैशाचं. नव्या प्रोजेक्टला ग्रँट मिळते, लाँचला केक कापला जातो, पण दोन वर्षांनी सर्व्हरचं बिल आणि तुटलेल्या लिंका कोण बघणार याला बजेटमध्ये रकानाच नसतो. २०२० संपताना ॲडोबीने फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर, बंद केलं आणि मोठमोठ्या पेपरांचे कौतुकाचे इंटरॲक्टिव्ह नकाशे, ग्राफिक्स करड्या चौकोनात बदलले. ज्यांनी बनवले ते बहुतेक तोवर दुसरीकडे गेलेले. आता कुणी मला अशा एकत्र येण्याच्या कार्यक्रमाला बोलावलं तर मी एवढंच विचारतो, तीन महिने बसायला खुर्ची आहे का, आणि बनवलेलं पुढे सांभाळायला कुणाचे आठवड्यातले किती तास धरलेत. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाला ‘ते नंतर बघू’ असं येतं, मग मी जात नाही.