भोसरी ते मुंबई हाय : तीन दिवसांचे काम, नऊ दिवसांचा मुक्काम

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रातील एका जॅक-अप रिगवर मड पंपाच्या, म्हणजे विहिरीत खोदाईचे द्रव ढकलणाऱ्या पंपाच्या, दुरुस्तीसाठी मला जावे लागले. भोसरीच्या कारखान्यात पंप खोलण्याचे आणि पुन्हा बसवण्याचे काम मी चौदा वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे पंपाची चिंता नव्हती. चिंता करायला हवी होती ती पंपापर्यंत पोहोचण्याची आणि तेथून परत येण्याची, आणि नेमकी तीच मी केली नाही. भोसरी-चाकण पट्ट्यातून अशा कामांना जाणारे सर्व्हिस इंजिनिअर बरेच असतात, आणि त्यांना कार्यालयातून मिळते ती बहुधा एक ई-मेल आणि एक फोन नंबर. त्यांच्यासाठी हा वृत्तांत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरी आणि सोसायटीत सर्वांनी तिचा घोळ घातला होता. समुद्रातील प्रत्येक लोखंडी मनोरा म्हणजे रिग नव्हे. तेल-वायू काढणारे, तळाशी कायमचे रोवलेले ते प्लॅटफॉर्म. विहीर खोदून झाली की दुसऱ्या जागी जाते ती रिग. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगने केलेल्या खोदाईत सापडले आणि १९७६ मध्ये तेथून तेल येऊ लागले. तेथे पाण्याची खोली साधारण ७५ ते ८० मीटर असल्यामुळे जॅक-अप रिग चालते : तरंगत यायचे, तीन जाळीदार पाय समुद्रतळावर टेकवायचे आणि त्याच पायांवर स्वतःचे धड लाटांच्या वर उचलून घ्यायचे. त्यामुळे बोट लागण्याची भीती बाळगून जो गोळ्यांचा साठा मी नेला होता, तो तसाच परत आला. रिग हलत नाही, थरथरते. रात्री उशीला कान लावला की ती थरथर ऐकू येते.

कागदपत्रांना महिना धरावा. वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी आणि समुद्रातील बचावाचे प्रशिक्षण, या तिन्हींशिवाय हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळत नाही. यांपैकी पोलीस पडताळणीचा वेळ आपल्या हातात नसतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करावा. प्रशिक्षणासाठी गोव्यात बेतुलला ओएनजीसीचे केंद्र आहे आणि खासगी संस्थाही आहेत. त्यातील मुख्य भाग म्हणजे हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यास बाहेर कसे पडावे. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा माणसांसकट तलावात बुडवतात आणि पाण्याखाली उलटा करतात. टिळक तलावावर लहानपणी शिकलेले पोहणे येथे फारसे कामी येत नाही, कारण नाकात पाणी जाऊन वर-खाली काय तेच कळेनासे होते. एक हात खिडकीच्या चौकटीवर आणि दुसरा पट्ट्याच्या बकलवर ठेवायचा, सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत काहीही करायचे नाही, मग खिडकी ढकलायची आणि सर्वांत शेवटी पट्टा सोडायचा. पहिल्या फेरीत मी पट्टा आधी सोडला आणि केबिनच्या छताला जाऊन चिकटलो. प्रशिक्षकाने दंडाला धरून बाहेर काढले. तुमच्या प्रमाणपत्राची मुदत कामाच्या मध्येच संपत नाही ना, तेही पाहून ठेवावे.

हेलिकॉप्टर जुहूच्या विमानतळावरून सुटते आणि हजेरी पहाटेची असते. पुण्याहून मध्यरात्री टॅक्सीने निघून ती गाठता येते, परंतु घाटात एक ट्रक आडवा झाला की त्या दिवसाची जागा गेली आणि पुढची केव्हा मिळेल ते कोणी सांगत नाही. आदल्या संध्याकाळी शिवनेरीने दादर गाठावे आणि विलेपार्ल्यात मुक्काम करावा. हा खर्च कंपनीकडून आधीच मंजूर करून घ्यावा, नंतर वाद घालू नये.

आता माझी चूक. टॉर्क रेंच, पुलर, डायल गेज आणि फट मोजण्याच्या लांब पात्यांचा (फीलर गेज) संच असलेली माझी लोखंडी पेटी ३८ किलोची होती. जुहूला माणसाचेही वजन करतात आणि सामानाचेही. आमच्या फेरीला सामानाची मर्यादा दहा किलो होती. काउंटरवरील गृहस्थांनी पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, ही बोटीने जाते.” बोट सुटते उरणजवळच्या न्हावा पुरवठा तळावरून. पेटी तेथे पोहोचवणे, तिच्यातील प्रत्येक वस्तूची यादी तीन प्रतींत करून देणे आणि बोटीत जागा मिळवणे हे सर्व मी जुहूच्या बाकावर बसून फोनवरून केले. मी सोमवारी सकाळी रिगवर उतरलो, पेटी बुधवारी संध्याकाळी पोहोचली. जड हत्यारे किमान आठवडाभर आधी, वजनासह यादी करून आणि मोजमापाच्या हत्यारांची अचूकतेची प्रमाणपत्रे जोडून रवाना करावीत. सोबत कपड्यांची मऊ पिशवी आणि सेफ्टी शूज एवढेच असावे. लायटर, काडेपेटी आणि दारू यांना मज्जाव आहे. नियमित औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी आणि रिगवर उतरल्यावर ती तेथील मेडिकला दाखवावीत.

हवाई प्रवास सरळ गेल्यास पाऊण तासाचा आहे, परंतु वाटेत इतर प्लॅटफॉर्मांवर माणसे उतरवत-चढवत गेल्यामुळे आम्हाला दीड तास लागला. रिगच्या हेलिडेकवर पंखे फिरत असतानाच उतरायचे असते. टोपी आधीच पिशवीत घालावी, पिशवी कमरेच्या खाली धरावी आणि शेपटाच्या पंख्याकडे चुकूनही जाऊ नये. नवख्या माणसाला त्या रिगवर हिरवे हेल्मेट देत. ते पाहून देवगडकडचे एक क्रेन ऑपरेटर जवळ आले. “पुण्याचे काय? मग जिन्यावरून खाली बघू नका,” एवढेच म्हणाले. त्याचा अर्थ दहा मिनिटांत कळला. रिगवरील जिने आणि कितीतरी वाटा जाळीच्या असतात. पावलाखाली जाळी आणि जाळीखाली कित्येक मीटरवर हिरवट समुद्र दिसत राहतो. दोन दिवस मी कठडा सोडला नाही. कठडा धरूनच चालायचे असा तेथे नियमही असल्यामुळे माझी भीती शिस्त म्हणून खपून गेली.

पहिला दिवस वर्गातच गेला. भोंग्याचा कोणता आवाज आगीचा, कोणता वायूचा आणि कोणता रिग सोडण्याचा. कोणती लाइफबोट आपली. हायड्रोजन सल्फाइडची सूचना झाली तर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा पाहून कोणत्या बाजूला जायचे. या वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की तो वास येण्याची शक्तीच मरते. म्हणून वास थांबला याचा अर्थ धोका टळला असा घेऊ नये. श्वसनाचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसावा यासाठी दाढी करून जावे लागते. दाढी राखणाऱ्यांनी मनाची तयारी पुण्यातच करावी.

मंगळवार-बुधवार पेटीविना बसून काढले, परंतु त्यामुळे खोदाई पाहता आली. मड म्हणजे आपला चिखल नव्हे. पाणी, बेंटोनाइट, बॅराइट आणि रसायने यांचे ते मोजून केलेले मिश्रण असते. ते पोकळ ड्रिल पाइपमधून खाली जाते, खडक फोडणाऱ्या बिटच्या तोंडातून बाहेर पडते, बिट थंड ठेवते, खडकाचा चुरा वर आणते आणि स्वतःच्या वजनाने जमिनीतील वायूचा दाब आवरून धरते. रिगवरच्या तीन पंपांपैकी दोन हे काम करीत होते आणि तिसरा माझी वाट पाहत होता. माणसे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत राबतात. ड्रिल फ्लोअरवरची पोरे बंगाल, तमिळनाडू, पंजाब अशी कुठकुठली, बोली सर्वांची हिंदी. पाइप जोडताना त्यांचे हात एकमेकांकडे न पाहता एकमेकांना सांभाळून घेतात, ते मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो.

गुरुवारी पंपाचे तपासणी झाकण उघडले. गिअरचे तेल टपरीवरच्या चहाच्या रंगाचे झाले होते. एक्स्टेन्शन रॉडभोवतीचे सील झिजले की पिस्टनच्या बाजूचे मड रॉडला चिकटून मागे येते आणि पॉवर एंडच्या, म्हणजे गिअर असलेल्या बाजूच्या, तेलात मिसळते. मग बेअरिंग खडबडू लागतात. बोटाला तेल लावून चोळले तेव्हा बारीक वाळूसारखे लागले. तिन्ही सील बदलले, तेल काढून आतील भाग दोनदा धुतला, रॉडला सरळ रेषेत पुढे-मागे सरकवणाऱ्या क्रॉसहेडच्या फटी वरच्या बाजूने फीलर गेजने मोजल्या. दोन मर्यादेत होत्या, तिसरीला शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालावी लागली. भोसरीत हे दीड दिवसाचे काम आहे. येथे तीन दिवस लागले, कारण प्रत्येक पाळीला कामाचा परवाना नव्याने घ्यायचा, काम सुरू करण्यापूर्वी सर्वांनी उभ्याने चर्चा करून धोके वहीत लिहायचे आणि क्रेनला दुसरे काम असेल तर थांबायचे. पहिल्या दिवशी मला याचा वैताग आला. परंतु पंप सुरू करणारा ड्रिलर वरच्या केबिनमध्ये बसलेला असतो आणि त्याला पंपाच्या खोलीतले काही दिसत नाही, हे ध्यानात आल्यावर वैताग ओसरला. माझा हात क्रॉसहेडच्या खाली असताना त्याच्या बटणापासून मला वाचवणारी वस्तू एकच होती : विजेच्या स्विचवर मी स्वतः लावलेले, माझ्या नावाचे लाल कुलूप.

त्याच कुलपाने शनिवारी माझी शोभा केली. झाकणे बसवून झाली, परवान्यावर सह्या झाल्या आणि मी किल्ली खिशात टाकून चहाला गेलो. कुलूप इलेक्ट्रिशियन काढेल अशी माझी समजूत होती. ज्याचे कुलूप त्यानेच काढायचे असते, दुसरा कोणी त्याला हात लावत नाही. पाच मिनिटांत माझे नाव सगळ्या रिगभर स्पीकरवरून दोनदा पुकारले गेले. धावत खाली आलो तर खोदाईची देखरेख करणारे टूलपुशर कुलपासमोर उभे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले आणि वहीत वेळ लिहिली. रिगचे भाडे दिवसाच्या हिशेबाने मोजतात, तेथे अर्ध्या तासाचीही नोंद होते. पंप मात्र सुरळीत चालला.

राहण्याची सोय वाटली त्यापेक्षा बरी आहे. आमची केबिन चौघांची होती. दोघे रात्रपाळीचे असल्यामुळे तेथे कोणीतरी सतत झोपलेले असे. दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही, घड्याळाचा गजर होऊ द्यायचा नाही. लहान टॉर्च आणि कानातील बोळे अवश्य न्यावेत. तेलकट कव्हरऑल बदलण्याच्या खोलीतच राहतो, तो घालून मेसमध्ये गेल्यास कॅम्प बॉस परत पाठवतो. मध्यरात्रीही गरम जेवण मिळते आणि शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. मोबाइल राहत्या भागाबाहेर नेता येत नाही आणि आतही इंटरनेट रडतखडत चालते, म्हणून घरच्यांना ‘फोन आला नाही तर काळजी करू नका’ असे आधीच सांगून ठेवावे. मी सांगितले नव्हते.

रविवारी परतीचे तिकीट होते. सकाळी पश्चिमेकडून काळे ढग आले आणि उड्डाणे रद्द झाली. दुपारी ठरल्याप्रमाणे कवायत झाली. बंदिस्त केशरी लाइफबोटीत शिरून गुडघ्याला गुडघा लावून पट्टे आवळून बसायचे असते. डिझेलचा वास, जूनचा उकाडा आणि दार बंद. शेजारचा तरुण वैतागून पुटपुटू लागला, तेव्हा समोरच्या वयस्क मेकॅनिकने त्याला २७ जुलै २००५ ची आठवण दिली. मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी खवळलेल्या समुद्रात, जखमी माणसाला क्रेनने उचलून देण्यासाठी जवळ आलेले जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या वायूवाहिनीवर आदळले, भडका उडाला आणि २२ जण गेले. त्यानंतर बोटीत कोणी बोलले नाही. हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यावर मी कोणाशीही हुज्जत घातली नाही, त्याचे कारणही हेच. सोमवारही तसाच गेला. मंगळवारी दुपारी ढग फाटले आणि बारा मिनिटांच्या सूचनेवर मला हेलिडेकवर बोलावले. बांधून ठेवलेली पिशवी उपयोगी पडली.

जितक्या दिवसांचे काम, त्याच्या दुप्पट दिवसांचे कपडे न्यावेत आणि जून ते सप्टेंबर असेल तर त्यावर आणखी दोन धरावेत. परतल्यानंतरच्या आठवड्यात कोणाला लग्नाचा किंवा परीक्षेचा शब्द देऊ नये. पुण्याच्या एमआयटीतील पेट्रोलियमच्या दोन विद्यार्थ्यांनी मला नोकरीबद्दल विचारले होते. त्यांना सांगितले तेच येथेही लिहितो, की ‘रिगवर थेट भरती’ म्हणून जो आधी पैसे मागतो त्याला एक रुपयाही देऊ नये.

माझी पेटी माझ्यानंतर तीन आठवड्यांनी न्हाव्याला उतरली. ती आणायला पुण्याहून टेम्पो करावा लागला, आणि तळावर तिन्ही प्रतींतील यादीशी वस्तू ताडून पाहताना फीलर गेजचे एक पाते कमी भरले. ते माझ्याच कव्हरऑलच्या मांडीच्या खिशात, धुऊन गंजलेल्या अवस्थेत, घरी सापडले. या तीन आठवड्यांत भोसरीत दुसरी हत्यारे उसनी घेऊन काम चालवले होते. तोही खर्च कोटेशनमध्ये धरायला विसरू नये.