आठ पायांची आयसी आणि घरचा ॲम्प्लिफायर

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचं सर्किट सेल गळून गंजलं होतं, पण त्याचा चार इंची स्पीकर ठणठणीत होता. मीटर लावलं तर सातच्या आसपास ओहम दाखवले, म्हणजे 8 ओहमचा स्पीकर. मोबाईलच्या हेडफोनच्या भोकात तो थेट जोडला तर कान लावल्याशिवाय काही ऐकू येईना. मध्ये ॲम्प्लिफायर हवा. आता तयार बोर्ड किरकोळ किमतीत मिळतात हे मलाही माहीत आहे, पण स्वतः जोडून बघायची हौस होती.

मी एलएम386 ही आयसी, म्हणजे एका चिपमध्ये बसवलेलं आख्खं सर्किट, घेतली. ही फार जुनी आणि साधी आयसी आहे. तिला आठ पाय असतात, साध्या प्रकारातली 4 ते 12 व्होल्टवर चालते आणि जेमतेम अर्ध्या-पाऊण वॉटचा आवाज देते. ऐकायला कमी वाटतं, पण एका खोलीला ते पुरतं. टीडीए2030 ही मोठी आयसी घेतली असती तर वॉट भरपूर मिळाले असते, पण हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) आणि मोठा पॉवर सप्लाय आला असता. पहिल्या वेळेला तो व्याप कशाला?

सामान पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात मिळालं. काउंटरवर नुसतं "386" म्हटलं की पुरतं. दुकानदाराने विचारलं, "बेस देऊ का सोबत?" जरूर घ्या. बेस म्हणजे आयसी खोचायचं सॉकेट. बेस सोल्डर करायचा आणि आयसी शेवटी त्यात बसवायची, म्हणजे सोल्डरिंगची आच तिला लागत नाही आणि उद्या बदलायची झाली तर उपसाउपशी नाही. बाकी 10 के चा (म्हणजे 10 हजार ओहमचा) व्हॉल्यूम पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, 220 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, 10 ओहमचा रेझिस्टन्स, काही छोटे सिरॅमिक कंडेन्सर, झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा, सोल्डर करायचा बोर्ड), वायर. सिरॅमिकवर 473 असं छापलेलं असतं. 47 वर तीन शून्यं, तेवढे पिकोफॅरड, म्हणजे 0.047 मायक्रो. हे एकदा कळलं की डब्यातले सगळे कंडेन्सर ओळखीचे होतात.

आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग नुसते खोचायच्या बोर्डवर, जोडलं. आयसीची खाच डावीकडे धरली की खालच्या रांगेत डावीकडून 1 ते 4 आणि वरच्या रांगेत उजवीकडून 5 ते 8. सिग्नल 3 वर, 2 आणि 4 ग्राउंडला, 6 ला पॉझिटिव्ह सप्लाय, 5 मधून कंडेन्सरमार्गे स्पीकर. पॉवरसाठी घरात 9 व्होल्ट लिहिलेला जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॉप्टर होता. मोकळा असताना मीटरवर त्याने 13 च्या आसपास दाखवले! असले ॲडॉप्टर लोड नसताना असेच वर जातात. या आयसीला ते झेपणारे नाहीत, म्हणून सरळ सहा पेन्सिल सेलचा होल्डर आणला. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरीही चालते, पण आवाज वाढवला की तिचा दम लगेच जातो आणि गाणं फाटतं.

स्पीकर लावण्याआधी एक तपासणी फार कामाची आहे. पॉवर द्यायची आणि 5 नंबरच्या पायावर व्होल्टेज बघायचं. सप्लायच्या निम्मं यायला हवं. माझ्याकडे साडेचारच्या आसपास आलं. आयसी आउटपुट मध्यावर धरते आणि आवाजाची लाट त्या मध्याच्या वरखाली हलते. 220 चा कंडेन्सर याचसाठी असतो: तो हे साडेचार व्होल्ट अडवतो आणि फक्त लाट पुढे सोडतो. तो नसेल तर स्पीकरच्या कॉइलमधून सतत करंट वाहत राहील.

स्पीकर जोडला, इनपुटला बोट लावलं, तर घूंऽऽ असा दणदणीत आवाज. अंगावर घेतलेली घरातल्या विजेची 50 हर्ट्झ. म्हणजे ॲम्प्लिफायर चालू आहे. मग बोट काढलं, आणि स्पीकरमधून बारीक आवाजात मराठीत कोणीतरी बोलायला लागलं. मोबाईल जोडलेलाच नव्हता! ते आकाशवाणी पुणे होतं, 792 किलोहर्ट्झ. इनपुटची लोंबती वायर एरियलचं काम करत होती आणि आयसी त्या लहरीतून आवाज वेगळा करत होती. रेडिओ न बनवता रेडिओ मिळाला म्हणून घरच्यांनी कौतुक केलं, पण गाण्याच्या मागे बातम्या कोणाला हव्या असतात? 3 नंबरच्या पायाआधी 1 के चा रेझिस्टन्स आणि त्या पायापासून ग्राउंडला 1 नॅनोफॅरड घातला, इनपुटला शील्डेड वायर वापरली, आणि निवेदक गप्प झाले.

या आयसीला बोलतं करणं सोपं आहे. काही वाजत नसताना तिला गप्प बसवणं हे खरं काम. आवाज वाढवला की टुक-टुक-टुक सुरू व्हायचं. कारण सप्लायमध्ये. जोराचा ठेका आला की सेलचं व्होल्टेज किंचित पडतं, ते इनपुटपर्यंत पोचतं आणि चक्र सुरू होतं. 6 नंबरच्या पायाला अगदी चिकटून 100 मायक्रोचा कंडेन्सर आणि जोडीला 104 छापलेला (0.1 मायक्रोचा) सिरॅमिक लावला, तशी टुकटुक थांबली. 5 नंबरच्या पायावर 10 ओहम आणि 473 ची जोडी ग्राउंडला जाते. बरेच लोक ती गाळतात, कारण तिच्याशिवायही वाजतं. मी मुद्दाम काढून पाहिली. आवाज खरखरीत झाला आणि गाणं बंद असतानाही आयसी गरम लागली. एरवी ती स्वस्थ असताना 4 मिलिॲम्पच्या आसपास खाते, गरम व्हायचं कारणच नाही. म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ती आपली आपणच ओरडत होती.

आता गेनबद्दल, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याबद्दल. 1 आणि 8 मध्ये 10 मायक्रो घातला की गेन 20 चा 200 होतो, आणि जो तो सर्किटमध्ये तो घालतोच. मोबाईलसाठी अजिबात नको. मोबाईलचा सिग्नल तसाही तगडा असतो. 200 वर नुसती सूं-सूं वाढते आणि पॉट जरा फिरवला की गाणं फाटतं. माइकसाठी ठीक. डावा-उजवा चॅनेलही थेट एकत्र बांधू नका, प्रत्येकाला 1 के देऊन मग जोडा.

झिरो पीसीबीवर आणताना ग्राउंडच्या सगळ्या वायरी सप्लायच्या निगेटिव्हजवळ एकाच ठिकाणी आणल्या. स्पीकरचा करंट इनपुटच्या ग्राउंडमधून फिरला की पुन्हा कुरकुर सुरू.

मोकळा स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता, कारण पुढची आणि मागची लाट एकमेकींना खातात. प्लायच्या खोक्यात बसवला तर आवाजाला एकदम अंग आलं. त्या उत्साहात 220 च्या जागी 470 चा कंडेन्सरही लावला. हिशेबाने 8 ओहमला खालची मर्यादा 90 हर्ट्झवरून 42 वर येते. कानाला काडीचाही फरक पडला नाही. चार इंची स्पीकर तिथपर्यंत खाली उतरतोच कुठे? 470 आता तसाच राहू दिलाय.